रोजची प्रार्थना आणि रोजचं ऐकणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "विश्वासी कुटुंबात वाढलो, मंडळीत (चर्चमध्ये) नियमित जातो. दर वर्षाच्या सुरुवातीला ठरवतो की पहाटे उठून तासभर प्रार्थना करायची आणि वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं. तीनेक आठवडे जमतं. लेवीय हे यज्ञ-विधींच्या नियमांचं पुस्तक लागलं की वाचन थांबतं, आणि वाचन थांबलं की प्रार्थनाही सुटते. मग अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटतं म्हणून देवापुढे बसवत नाही. वागण्यातही फरक नाही. चिडचिड तशीच, तोंडदेखलं बोलणंही तसंच. परवाच ऑफिसात एका सहकाऱ्याने केलेल्या कामाचं श्रेय मला मिळालं आणि मी गप्प बसलो. मी ढोंगी आहे का? प्रार्थनेची आणि आज्ञापालनाची सवय नेमकी लावायची कशी?"

ढोंग्याला हा प्रश्न पडत नाही, तेव्हा ती काळजी आधी बाजूला ठेवा. गेली 26 वर्षं मी मंडळीत नव्या-जुन्या विश्वासीयांबरोबर बसते, त्यांचं ऐकते, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तुमच्यासारखे अनेक जण समोर बसून दोन तक्रारी सांगतात. पहिली, प्रार्थना टिकत नाही. दुसरी, जसं वागायला हवं तसं वागता येत नाही. बहुतेकांना ही दोन वेगळी दुखणी वाटतात आणि ते दोन वेगळी औषधं मागतात. माझ्या अनुभवात दुखणं एकच असतं.

आपल्या भाषेतच बघा. "मुलगा आईचं ऐकतो" म्हटलं की त्याचे कान चांगले आहेत एवढाच अर्थ आपण घेत नाही. आई सांगते ते तो करतो, असा अर्थ घेतो. "किती वेळा सांगितलं, पण ऐकतच नाही" ही तक्रारही कानांबद्दल नसते. कानाने ऐकणं आणि कृतीने ऐकणं या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही तसंच आहे. "हे इस्राएला, ऐक" (अनुवाद 6:4) इथलं 'शमा' हे क्रियापद ऐकणं आणि मानणं या दोन्ही अर्थांनी येतं. नव्या करारात आज्ञापालनासाठी जो ग्रीक शब्द आहे तोही ऐकण्याच्याच धातूपासून बनलेला आहे. लहान शमुवेलाला याजक एलीने शिकवलेली प्रार्थना आठवा: "बोल, तुझा दास ऐकत आहे." यातल्या 'दास' या शब्दामुळे 'ऐकत आहे'ला वजन येतं. ऐकून उठणार नसेल तर तो दास कसला?

म्हणून मी दोन सवयी शिकवत नाही. एकच शिकवते: सकाळी देवापुढे बसून ऐकायचं, त्यातली एक गोष्ट दिवसात करायची, आणि रात्री त्या गोष्टीचा हिशेब घेऊन पुन्हा त्याच्यापुढे यायचं. सकाळची प्रार्थना कृतीपर्यंत पोचली नाही तर काही आठवड्यांत ती पोकळ वाटू लागते आणि माणूस ती सोडून देतो. तुमच्या बाबतीत लेवीय हे निमित्त झालं, असं मला वाटतं.

तरी लेवीयबद्दलही बोलू, कारण संकल्पाचं मापही चुकलं होतं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनपेक्षा जास्त अध्याय वाचावे लागतात, एकही दिवस न चुकता. जो आज रोज एकही अध्याय वाचत नाही त्याने तीनपासून सुरुवात करणं, म्हणजे न चालणाऱ्याने डोंगर चढायला निघणं. त्यात तासभराची पहाटेची प्रार्थनाही जोडलेली. मार्क 1:35 मध्ये येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करायला गेला हे वाचून आपल्याला स्फुरण चढतं. पण त्याआधीची वचनं वाचली का? आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी जमलं होतं आणि तो आजाऱ्यांना बरं करत होता. तो उठला कारण त्याला पित्याची गरज होती. किती मिनिटं प्रार्थना केली याचा आकडा मार्क देत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझं माप आहे दहा मिनिटं. याहून जास्त नको, निदान पहिले तीन महिने तरी. जास्त करावंसं वाटलं तरी उठा. उद्या पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे.

ही दहा मिनिटं कधी? यावर लोक फार वेळ घालवतात. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. स्तोत्र 55 मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार असा उल्लेख येतो, स्तोत्र 119 मध्ये तर दिवसातून सात वेळा. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना, दिवसातून तीनदा म्हणावी असं सांगितलं आहे. म्हणजे एकच पवित्र वेळ अशी काही नाही. पण प्रत्येकाची वेळ ठरलेली होती, हे लक्षात घ्या. "वेळ मिळेल तेव्हा" प्रार्थना करणाऱ्याला वेळ मिळालेली मी पाहिलेली नाही. घड्याळातल्या आकड्यापेक्षा आधीपासून रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या पाठीला प्रार्थना बांधा. दात घासून झाले की. अंघोळ झाली की. मुलांना शाळेत सोडून परत आलं की. रात्रपाळी करणारा एक भाऊ माझ्याकडे येत असे. त्याच्या आयुष्यात 'सकाळ' नावाची गोष्टच नव्हती. त्याने गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवण्याआधीची वेळ धरली. किल्ली लावायची, हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि मोठ्याने एक स्तोत्र म्हणायचं. पुढे तो मला म्हणाला की आता किल्ली हातात घेतली की ओठ आपोआप हलतात.

आणि फोन दुसऱ्या खोलीत. यावर मी तडजोड करत नाही. बायबल फोनमध्ये असलं तरी या दहा मिनिटांसाठी छापील प्रत घ्या. 1535 साली धर्मसुधारक मार्टिन लूथरने आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे समजावणारं एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याची नजर वस्तऱ्यावर आणि केसांवर असते. तो बडबडत राहिला, इकडेतिकडे पाहत राहिला, तर समोरच्याचं नाकच कापेल, गळाही कापेल. मग प्रार्थनेला तर सगळं मन एकवटायला हवं. त्याच पत्रात दुसरा एक इशारा आहे जो मला स्वतःला फार उपयोगी पडला: "थोडं थांब, तासाभराने करू, आधी हे एवढं उरकून घेऊ" असा विचार आला की सावध व्हा, कारण एकातून दुसरं निघतं आणि त्या दिवशीची प्रार्थना होतच नाही. पाचशे वर्षांपूर्वी फोन नव्हते, पण मन हेच होतं.

आता त्या दहा मिनिटांत काय करायचं. आधी अर्धा-एक मिनिट नुसतं बसा. मग एक स्तोत्र, मोठ्याने. मनात वाचू नका, कारण मनातलं वाचन तिसऱ्या ओळीला भरकटतं. स्तोत्रं 150 आहेत. रोज एक घेतलं तर पाचेक महिन्यांत फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. 119वं स्तोत्र 176 वचनांचं आहे, ते तुकड्यांनी घ्या. स्तोत्रांपासूनच का? कारण आपल्या शब्दांत प्रार्थना करायला बसलं की बहुतेकांचे शब्द दोन मिनिटांत संपतात. "आशीर्वाद दे, सांभाळ, आमेन." स्तोत्रं आपल्या तोंडात असे शब्द घालतात जे आपण होऊन देवाला म्हणायला धजलो नसतो: "हे परमेश्वरा, कुठवर?" असे शब्द. राग, भीती, कृतज्ञता, सूड घेण्याची इच्छा, सगळंच त्यांत आहे. ज्याला रडू येत नाही त्याला रडायला शिकवतात, आणि जो नुसता रडतो त्याला स्तुती करायला.

मग शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, छोटा उतारा. मार्कपासून सुरुवात करा. 16 अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तरी महिनाभरात होतात. लेवीय वाचायचंच आहे, पण त्याआधी इब्री लोकांस पत्र वाचून घ्या. यज्ञ आणि याजक कशासाठी होते हे तिथे उलगडतं, मग लेवीय कोरडं वाटत नाही.

उतारा वाचून झाल्यावर प्रभूची प्रार्थना, आणि तीही सावकाश. हिचा वेग हा मला मंडळीतला सगळ्यात दुःखद वेग वाटतो. लहानपणी पाठ झालेली असते म्हणून वीस सेकंदांत संपते. प्रत्येक वाक्यापाशी एक श्वास थांबा. "तुझे राज्य येवो" म्हटल्यावर: आज माझ्या टेबलापाशी, माझ्या घरात ते कसं दिसेल? "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हटल्यावर: 'माझी' नव्हे, 'आमची'. कुणाची भाकर माझ्या हाती अडकली आहे का? शिष्यांपैकी एकाने येशूकडे "आम्हांला प्रार्थना करायला शिकवा" असं मागितलं तेव्हा त्याने त्यांना हेच शब्द दिले. नवं काही शोधत बसायची गरज नाही.

शेवटची दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. एक वही ठेवा. आजची तारीख लिहा आणि खाली एकच ओळ लिहा: आज मी काय करणार आहे. ही ओळ कशी असावी यावर थोडं थांबते, कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं.

नव्या माणसाची पहिली ओळ बहुधा अशी येते: "आज मी नम्र राहीन." ही ओळ पाळताही येत नाही आणि मोडताही येत नाही. रात्री तिचा हिशेब कसा घेणार? त्याऐवजी: "आजच्या बैठकीत त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तोंड उघडणार नाही." "प्रेमाने वागेन" याऐवजी: "वडिलांना दुपारी फोन करून, काही काम नसताना, पाच मिनिटं बोलेन." "प्रामाणिक राहीन" याऐवजी: "आजारी असल्याचं खोटं सांगून रजा घेतली होती, ते आज साहेबांना सांगेन." माणूस, वेळ आणि कृती त्या ओळीत असावी, आणि रात्री 'केलं' किंवा 'नाही केलं' एवढंच उत्तर शक्य असावं.

ती ओळ सापडते कुठून? बऱ्याच जणांना वाटतं की देवाचा काही खास आवाज यायला हवा. बहुतेक दिवशी तशी गरज नसते. जी गोष्ट करायची हे आपल्याला आधीच माहीत आहे, जी आठवड्यापासून टाळतो आहोत, तीच असते. वचन वाचताना एखाद्या शब्दाशी मन अडखळतं, प्रभूची प्रार्थना म्हणताना एखादा चेहरा समोर येतो, तिथे बघा. काही नवीनच सुचलं तर दोन गोष्टी तपासा: ते शास्त्राशी जुळतं का, आणि त्यात मला फक्त मोठेपणा मिळतो आहे का. शंका असेल तर कुणा प्रौढ विश्वासीयाला विचारा. पण तुमच्यासमोर आज जी गोष्ट आहे तिला तेवढीही तपासणी लागणार नाही. त्याकडे शेवटी येते.

माझं स्वतःचं एक सांगते. काही वर्षांपूर्वी माझं आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं आईच्या आजारपणावरून बिनसलं. कुणी किती केलं, कुणी काय बोललं, नेहमीचंच. आई गेली आणि आमचं बोलणं बंद झालं. त्या काळात मी रोज सकाळी खिडकीपाशी बसून प्रार्थना करत होते, वर्ग घेत होते, दुसऱ्यांना क्षमेवर शिकवत होते. आणि रोज सकाळी "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आलं की माझा आवाज खाली जायचा. मी ते वाक्य पुटपुटून पुढे जायचे. जवळजवळ दीड वर्ष. हळूहळू प्रार्थनेतला रसच गेला. मला वाटलं मी थकले आहे. विश्रांती घेतली, काही फरक पडला नाही. मला वाटलं हा आत्मिक कोरडेपणा आहे, संतांनाही येतो, सहन करावा. एका सकाळी मत्तय 5:23-24 वाचनात आलं: वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी ते वचन शेकडो वेळा शिकवलं होतं. त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि वहीत बहिणीचं नाव लिहिलं. नाव लिहून चार दिवस काही केलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी फोन लावला. तिने उचलला, "हं, बोल" म्हणाली, आणि मला पाठ केलेलं सगळं विसरायला झालं. एवढंच म्हणाले, "मी आईच्या वेळी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. मला क्षमा कर." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्ता मी बाहेर आहे," आणि फोन ठेवला. जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं. चित्रपटात होतं तसं काही झालं नाही. आमचं पूर्ण बोलणं सुरू व्हायला आणखी आठ महिने लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्य माझ्या तोंडून पूर्ण आवाजात निघालं, आणि मी तिथेच रडले.

तेव्हापासून कुणी म्हणालं की प्रार्थना कोरडी झाली आहे, तर मी पहिला प्रश्न हा विचारते: असं काय आहे जे देवाने तुम्हाला सांगितलं आहे आणि तुम्ही केलं नाही? नेहमीच उत्तर निघतं असं नाही, पण निघतं तेव्हा ते विचारताक्षणीच निघतं.

नेहमी नाही, यावर मला जोर द्यायचा आहे. प्रत्येक कोरडेपणा आज्ञाभंगातून येत नाही, आणि दुःखी माणसाला "तुझ्यात काही पाप असेल" असं म्हणणं हे ईयोबाच्या मित्रांचं काम आहे, त्यांनी संकटात सापडलेल्या निर्दोष ईयोबाला हेच ऐकवलं. कधी शरीर थकलेलं असतं. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं (1 राजे 19). देवाचं बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी झालं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थनाही करा आणि औषधही घ्या. त्यात विश्वासाची कमतरता नाही. आणि कधी कारण काहीच सापडत नाही, तरी देव दूर वाटतो. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटी उजेड पडत नाही, आणि तरी ते देवाशीच बोललेलं आहे. अशा दिवसांत दहा मिनिटांची पाच करा, शब्द दुसऱ्यांचे घ्या, पण जागा सोडू नका. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संत अंतोनीबद्दल एक जुनी आठवण सांगितली जाते. एकदा त्याला असाच कंटाळा आणि विचारांचा काळोख आला. "प्रभू, मला तारण हवं आहे, पण हे विचार मला सोडत नाहीत, मी काय करू?" असं त्याने विचारलं. थोड्या वेळाने बाहेर आला तर त्याच्यासारखाच एक जण बसून दोरी वळत होता. थोडा वेळ दोरी वळली की उठून प्रार्थना करायचा, मग पुन्हा बसून दोरी वळायची, पुन्हा उठून प्रार्थना. तो देवदूत होता. "असं कर, म्हणजे तरशील," असं अंतोनीच्या कानी आलं. काम, प्रार्थना, काम, प्रार्थना. यावर मी इतक्या वर्षांत फारशी भर घालू शकलेले नाही.

रात्रीकडे येते. झोपण्याआधी पाच मिनिटं, तीच वही. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताने दिवसाची अशी तपासणी दुपारी आणि रात्री करायला शिकवलं. तुम्ही फक्त रात्रीची धरा. तपासणीची सुरुवात चुकांपासून करू नका, आभारांपासून करा. आज काय मिळालं? दोन-तीन गोष्टी, नेमक्या. मग सकाळची ओळ वाचा. केलं असेल तर बरोबरची खूण करा आणि आभार माना. नसेल केलं तर का नाही, हे एका वाक्यात देवाला सांगा. "भीती वाटली." "विसरलो." "करायचंच नव्हतं." तिसरं उत्तर लिहायला सगळ्यात जड जातं, पण तेच उत्तर देवापुढे प्रामाणिकपणे ठेवता आलं की काहीतरी सैल होतं. मत्तय 21 मधला तो दाखला बघा: एक मुलगा "जात नाही" म्हणाला आणि मग पस्तावून गेला, दुसरा "जातो" म्हणाला आणि गेलाच नाही. येशूने पहिल्याच्या बाजूने निकाल दिला. न केलेली ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. तीच ओळ तीनदा लिहावी लागली तर कुणाला तरी सांगा.

'कुणाला तरी' म्हणजे एकच माणूस, विश्वासू, तोंडाचा घट्ट, जो आठवड्यातून एकदा विचारेल, "वहीत काय चाललंय?" नवरा-बायकोने एकमेकांचे हे तपासनीस होऊ नये असं माझं मत आहे. घरात त्याची लगेच कटकट होते.

दिवस चुकतील. चुकलेल्या दिवसाचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, राहिलेलं वाचन भरून काढायचं नाही, त्या तारखेचं पान सोडून आजची तारीख लिहायची. लंडनमधल्या संशोधकांनी 96 लोकांवर केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाचून मला बरं वाटलं, कारण विलापगीताने ते आधीच सांगितलं आहे: त्याची करुणा रोज सकाळी नवी होते. तुमचा संकल्प एका चुकलेल्या दिवसाने मोडला नव्हता. चुकलेल्या दिवसानंतरच्या लाजेने मोडला. लाज वाटली तर त्या दिवशी 117वं स्तोत्र म्हणा. त्यात दोनच वचनं आहेत. म्हणा, आमेन करा, उठा.

आता एक गोष्ट जी न सांगता मी हे लिहिणं थांबवू शकत नाही. हे सगळं करून देवाची मर्जी मिळवायची नाही आहे. ती ख्रिस्तात आधीच मिळालेली आहे. लूक 18 मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशांश देत होता, त्याच्या सवयी आपल्या सगळ्यांपेक्षा पक्क्या होत्या, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो पापी समजला जाणारा जकातदार. तुमच्या वहीत सलग शंभर बरोबरच्या खुणा झाल्या आणि समोरच्याबद्दल तुच्छता वाटू लागली, तर वही काही दिवस बंद ठेवा. "माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल" असं प्रभू म्हणाला (योहान 14:15). आधी प्रीती, मग आज्ञा. आणि त्याच्या लगेच पुढच्या वचनात तो कैवारी देण्याचं, म्हणजे पवित्र आत्मा देण्याचं वचन देतो. आज्ञा आणि मदत त्याने एका श्वासात दिल्या आहेत. म्हणून सकाळची ओळ लिहिल्यावर मी खाली नेहमी दोन शब्द लिहिते: "मदत कर."

आणि दुसरी गोष्ट. आज्ञापालन हा शब्द मंडळ्यांमध्ये फार गैरवापरला गेला आहे. देवाचं ऐकणं म्हणजे पाळकाचं, पुढाऱ्याचं किंवा नवऱ्याचं प्रत्येक म्हणणं निमूट ऐकणं नव्हे. मार खाणाऱ्या बाईला "आज्ञेत राहा" असं सांगून परत घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा मी पुरेसं बोलले नाही याचं मला आजही दुःख आहे. "मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे" (प्रेषितांची कृत्ये 5:29) हे वाक्य पेत्राने धर्मपुढाऱ्यांसमोर उभं राहून म्हटलं होतं. कुणी तुमच्याकडून गुप्तता, पैसे किंवा शरीर 'आज्ञापालन' म्हणून मागत असेल तर तिथून निघा आणि कुणाला तरी सांगा.

उपासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, म्हणून थोडक्यात: पहिल्या तीन महिन्यांत नको. आधी रोजचं बसू दे.

आता तुमची गोष्ट. तुम्ही संकल्पांबद्दल, पहाटेबद्दल, लेवीयबद्दल लिहिलंत आणि मध्येच एक वाक्य घातलंत: सहकाऱ्याचं श्रेय मला मिळालं आणि मी गप्प बसलो. ते वाक्य तुम्हाला लिहावंच लागलं, कारण ते तुम्हाला टोचतं आहे. तुमच्या वहीतली पहिली ओळ शोधायची गरजच नाही, ती तुम्हीच मला पाठवली आहे. आपल्या वरिष्ठांना भेटायला वेळ मागा, ईमेलवर भागवू नका. दोनच वाक्यं बोला: "त्या कामाबद्दल तुम्ही माझं कौतुक केलंत, पण ते माझं नाही, त्यांनी केलं होतं. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं." पुढे स्पष्टीकरण देऊ नका. आपण किती प्रामाणिक आहोत हे दाखवायला सुरुवात होते ती तिसऱ्या वाक्यापासून. मग त्या सहकाऱ्याकडे जा आणि त्यालाही तेच सांगा. तो चिडेल, हसेल किंवा "अहो, सोडा ना" म्हणेल. काहीही म्हणाला तरी तुमचं काम झालेलं असेल.

त्या रात्री वहीत खूण करा, 4थं स्तोत्र म्हणा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बसल्यावर काय वाटलं ते मला कळवा.